द्राक्षवेलीतील संजीवकांचे मोजमाप



संस्थेच्या विज्ञान मंडळाने मला बोलण्यास सांगितले तेव्हा विषयाचे बंधन घातले नव्हते. मी जो विषय निवडला तो ऐकून काहींना तो फार वरच्या वर्गाचा वाटला. परंतु या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी द्राक्षाची बाग आहे, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांच्या शेजारी आहे. तुळजापूर तालुक्यातील काटी-सावरगावचा पट्टा घ्या, किंवा हद्द ओलांडून सोलापूर जिल्ह्यातील नान्नज घ्या. नानासाहेब काळे यांनी निवडलेले 'सोनाका' हे वाण त्या नान्नजचेच. या सर्व बागांतून 'जी.ए.' हा शब्द शाळेत न गेलेल्या माणसाच्या तोंडीही असतो. तेव्हा विषय वरच्या वर्गाचा नाही. आपल्या बांधावरचाच आहे. भाषणाच्या वेळी फळ्यावर काढलेल्या आकृत्या या स्मरणिकेत देता येत नाहीत, म्हणून वाचकांनी थोडी कल्पनाशक्ती वापरावी, एवढीच विनंती.

प्रथम जी.ए. म्हणजे काय ते पाहू. जपानी लोकांच्या भातशेतीत एक रोग पडत असे. रोगट रोपे इतर रोपांपेक्षा भराभर उंच होत, पिवळी पडत आणि लोंबी न धरताच कोलमडत. शेतकरी त्यास 'मूर्ख रोप' म्हणत. १९२६ साली कुरोसावा या संशोधकाने तैवानमध्ये असे दाखविले की, या रोगाची बुरशी ज्या द्रवात वाढविली तो द्रव गाळून, बुरशी पूर्णपणे काढून टाकून, निरोगी रोपांस दिला तरीही रोपे तशीच उंच होतात. म्हणजे बुरशी नव्हे तर बुरशीने सोडलेला कोणतातरी पदार्थ हे काम करतो. बुरशीचे नाव जिबरेला, म्हणून याबुता यांनी १९३५ साली त्या पदार्थाचे नाव ठेवले जिबरेलिन. पुढे लक्षात आले की निरोगी वनस्पतीही हा पदार्थ स्वतः तयार करतात, फक्त अत्यल्प प्रमाणात. १९५८ साली मॅकमिलन आणि सूटर यांनी घेवड्याच्या जातीच्या एका वेलाच्या कच्च्या बियांतून तो वेगळा काढला. आज एकशेतीसहून अधिक जिबरेलिने माहीत आहेत व त्यांना क्रमांक दिलेले आहेत. आपण दुकानातून आणतो ते क्रमांक तीनचे, जी.ए.-३. ते आजही त्याच बुरशीपासून तयार केले जाते.

द्राक्षाला ते का लागते? ज्या द्राक्षात बी असते त्या मण्यात बी स्वतःच जिबरेलिन पुरविते आणि मणी फुगतो. थॉम्पसन सीडलेस आणि त्यापासून निवडलेली तास-ए-गणेश, सोनाका ही वाणे बिनबियांची. त्यांत बी धरते, पण कोवळेपणीच जिरून जाते. मण्याला घरचा पुरवठा बंद होतो आणि मणी बारीक राहतो. ही उणीव आपण बाहेरून भरून काढतो. देठ लांबावेत व घड मोकळा व्हावा म्हणून फुलोऱ्यापूर्वी दहा-पंधरा पी.पी.एम.ची फवारणी, आणि पुढे मणी ज्वारीएवढा झाला की तीस-चाळीस पी.पी.एम.च्या द्रावणात घड बुडविणे. शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम म्हणजे दहा पी.पी.एम., हा हिशेब आपल्याकडची मुले पाढ्यासारखा म्हणतात.

संजीवके एकच नव्हेत. खोडाची वाढ व मुळे फुटणे यांवर ऑक्झिनांचा अंमल असतो. सायटोकायनिने पेशींची संख्या वाढवितात, बागेत '६-बी.ए.' म्हणून वापरतात ते याच कुळातले. अ‍ॅब्सिसिक आम्ल हे अवर्षणाचे संजीवक होय. ते १९६३ साली कापसाच्या कोवळ्या बोंडांतून वेगळे काढण्यात आले, आणि मुळांना पाणी कमी पडू लागले की ते पानांची रंध्रे मिटविते. आपल्या जिल्ह्यातील पिकांना त्याची ओळख फार जुनी आहे असे म्हणावयास हरकत नाही. इथिलीन हा वायू. आंब्याच्या अढीत एक पिकला की बाकीचे पिकतात, ते त्याच्यामुळे.

आता मुद्द्याकडे वळतो. वेलीत ही संजीवके किती असतात? एक ग्रॅम कोवळे पान घेतले तर त्यात एखादे संजीवक काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशात मोजावे इतके असते. एका ग्रॅममध्ये एक नॅनोग्रॅम म्हणजे हजार टन मालात एक ग्रॅम. हजार टन म्हणजे दहा टनी ट्रक शंभर. त्या शंभर ट्रकांत मिळून चिमूटभर पूड कालवलेली आहे, आणि ती किती ते आपणांस सांगावयाचे आहे! बरे, तो पदार्थ एकटा नाही. त्याच पानात साखर, टॅनिन, हरितद्रव्य, आम्ले असे हजारो पदार्थ त्याच्यापेक्षा लाखपटीने अधिक आहेत.

पूर्वी मोजमापाचे काम वनस्पतींकडूनच करून घेत. हॉलंडमधील वेंट यांनी १९२८ साली ओटच्या अंकुराची कसोटी प्रसिद्ध केली. अंकुराचे शेंडे आगरच्या तुकड्यावर काही वेळ ठेवावयाचे, म्हणजे त्यांतले ऑक्झिन आगरमध्ये उतरते. मग तो तुकडा शेंडा कापलेल्या दुसऱ्या अंकुरावर एका बाजूस ठेवावयाचा. अंकुर किती अंशांनी वाकला त्यावरून ऑक्झिन किती ते ठरवावयाचे. जिबरेलिनसाठी बुटक्या जातीची मका किंवा वाटाणा घेऊन तो किती उंचावला ते पट्टीने मोजत. या पद्धती कल्पक होत्या आणि त्यांच्या बळावर एक संपूर्ण शास्त्र उभे राहिले. तरी त्यांत मोठी अडचण होती. पानाच्या अर्कात वाढ घडविणारा पदार्थ असतो तसा वाढ रोखणाराही असतो. रोप या दोघांच्या ओढाताणीचा निकाल सांगते. कोण किती, हे सांगत नाही. शिवाय कोणते जिबरेलिन ते कळत नाही ते नाहीच.

येथे पदार्थाचे वजनच करून त्याला ओळखणारे यंत्र कामास आले. इंग्रजीत त्यास मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. आपण द्रव्यमान वर्णपटमापक म्हणू. नाव भारी आहे, पण कल्पना साधी आहे. रेणूवर विद्युत् भार चढवावयाचा, म्हणजे तो आयन होतो. त्याला निर्वात पोकळीत सोडावयाचे आणि विद्युत् किंवा चुंबकीय क्षेत्राने वळवावयाचे. हलका आयन अधिक वळतो, जड कमी. जे. जे. थॉमसन यांनी १९१२-१३ च्या सुमारास निऑन वायू असा सोडला तेव्हा त्यांना एकाच मूलद्रव्याच्या दोन रेषा दिसल्या, एक वीस वजनाची आणि दुसरी बावीसची. त्यांचे सहकारी अ‍ॅस्टन यांनी १९१९ साली यंत्र सुधारले व असे कित्येक समस्थानिक शोधले; त्यांना १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा या यंत्राचा आणि शेतीचा काही संबंध येईल असे कोणास वाटले असेल, असे मला वाटत नाही.

वनस्पतीतील संजीवके या यंत्रात घालण्यास एक अडथळा होता. हे पदार्थ तापविल्याखेरीज वायुरूप होत नाहीत आणि तापविले की बरेचसे मोडतात. म्हणून त्यांना आधी रासायनिक रूपांतर करून बाष्पशील बनवावे लागे. ब्रिस्टलच्या मॅकमिलन यांनी जिबरेलिनांची ओळख पटविली ती याच मार्गाने, वायुवर्णलेखन आणि हे यंत्र जोडून. पुढे जॉन फेन यांनी दाखविले की द्रावण अतिसूक्ष्म सुईतून काही हजार व्होल्ट दाबाखाली फवारले तर भारित थेंब उडतात, थेंबातले द्रव सुकत जाते आणि शेवटी अखंड रेणू भारासह मोकळा होतो. या कामासाठी त्यांना २००२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. फवारणी ही गोष्ट आपणांस नवीन नाही. येथे पंप प्रयोगशाळेत आहे एवढेच.

आजच्या प्रयोगशाळेत वापरतात त्या यंत्रात अशा तीन पायऱ्या असतात. अ‍ॅब्सिसिक आम्लाचे उदाहरण घेऊ. त्याच्या रेणूचे वजन २६४; एक प्रोटॉन काढून घेतला की २६३ वजनाचा ऋण आयन होतो. पहिल्या पायरीवर चार दांड्यांमधून, विशिष्ट विद्युत् दाबाखाली, फक्त २६३ वजनाचेच आयन पुढे जाऊ देतात. दुसऱ्या पायरीवर त्यांना नायट्रोजन किंवा आर्गॉन वायूवर आपटवून फोडतात. तिसऱ्या पायरीवर त्या तुकड्यांपैकी फक्त १५३ वजनाचे मोजतात. २६३ वजनाचे इतर पदार्थ अर्कात असतीलही. परंतु २६३ चा असून फुटल्यावर १५३ चाच तुकडा देणारा, आणि वर्णलेखनाच्या नळीतून नेमक्या त्याच मिनिटाला बाहेर पडणारा, असा दुसरा पदार्थ सापडणे कठीण. माणसाची ओळख जशी नाव, वडिलांचे नाव आणि गाव या तिन्हींनी पटते, तसेच हे.

आता ओळख पटली. संख्या कशी सांगावयाची? माझ्या मते या विषयातील सर्वांत सुंदर भाग हाच आहे, आणि तो समजावयास आपल्या जिल्ह्याच्या शेळ्या पुरेशा आहेत.

समजा, माळावर उस्मानाबादी शेळ्यांचा एक कळप चरत आहे. सगळ्या काळ्या, किती ते माहीत नाही. आपण गेरूने खूण केलेल्या वीस शेळ्या त्यात सोडल्या आणि कळप नीट मिसळू दिला. संध्याकाळी काही शेळ्या ओढ्यापलीकडे गेल्या, काही झुडपांत राहिल्या, आणि आपल्या हाती फक्त तीस आल्या. त्यांत सहा गेरूच्या आणि चोवीस बिनखुणेच्या. म्हणजे एका खुणेच्या शेळीमागे चार बिनखुणेच्या. खुणेच्या तर आपण वीस सोडल्या होत्या. म्हणून मूळ कळप ऐंशीचा. वाटेत किती हरवल्या याची चौकशी करण्याचे कारणच उरले नाही. गुणोत्तर हाती आले की पुरे.

प्रयोगशाळेत गेरूच्या जागी जड समस्थानिक असतो. अ‍ॅब्सिसिक आम्लातील सहा हायड्रोजन काढून त्या जागी ड्यूटेरियम बसविले की २६९ वजनाचा आयन मिळतो आणि तो फुटून १५९ चा तुकडा देतो. रसायनाच्या दृष्टीने ही जुळी भावंडे. नळीतून जवळजवळ बरोबरच चालतात, गाळणीवर सारख्याच प्रमाणात वाया जातात, परंतु यंत्राला वजनाने वेगळी दिसतात. अर्क काढण्याच्या पहिल्याच क्षणी ठरावीक मात्रेने हे जड भावंड घालावयाचे, आणि शेवटी दोघांचे गुणोत्तर वाचावयाचे. याला समस्थानिकी विरलन पद्धत म्हणतात. तिची मूळ कल्पना हेवेशी यांची, १९३० च्या दशकातली.

विद्यार्थी मित्रहो, आता अटी पाहा, कारण परीक्षकाने विचारावे ते येथे आहे. खुणेच्या शेळ्या कळप निघण्यापूर्वी सोडल्या पाहिजेत. बाजारात पोहोचल्यावर सोडून उपयोग नाही. त्या मूळ कळपात मिसळल्या पाहिजेत. म्हणून अर्क काही काळ थंडीत ठेवावा लागतो. गेरू पावसात धुऊन जाता कामा नये. ड्यूटेरियम रेणूच्या काही ठिकाणी पाण्यातील हायड्रोजनशी अदलाबदल करतो. मग खुणेची शेळी बिनखुणेची होते आणि हिशेब चुकतो. याच कारणाने कोहेन व सहकाऱ्यांनी १९८६ साली ऑक्झिनसाठी वलयातील सहाही कार्बन कार्बन-१३ चे असलेला रेणू वापरण्याची पद्धत दिली. कार्बन जागचा हलत नाही.

आणखी एक गंमत सांगतो. जी.ए.-३ चे वजन ३४६. त्याचे दोन ड्यूटेरियमचे भावंड ३४८ वजनाचे. परंतु वेलीत जी.ए.-१ नावाचे नैसर्गिक जिबरेलिन असते आणि त्याचेही वजन ३४८! म्हणजे गेरूची शेळी समजून आपण शेजाऱ्याची तांबडी शेळी मोजू शकतो. म्हणून नुसते तोलणारे यंत्र पुरत नाही. आधी वर्णलेखनाच्या नळीत दोघांना वेगळे चालवावे लागते, आणि त्यात घाई करणाऱ्याचे आकडे फसवे निघतात.

शेळ्यांचा हिशेब गर्दीसाठीही उपयोगी पडतो. भारित थेंबातून रेणू मोकळे होतात तेव्हा सर्वांना पुरेल एवढा भार उपलब्ध नसतो. तुळजापूरच्या यात्रेच्या दिवशी एस.टी.च्या दाराशी जी अवस्था होते तीच येथे. धिप्पाड माणसे आत शिरतात आणि आपला पाहुणा खाली राहतो. पानातील इतर पदार्थ भार पळवितात, आपले संजीवक मोजले जात नाही आणि आकडा खरा असावा त्यापेक्षा कमी येतो. जड भावंड त्याच दाराशी त्याच क्षणी उभे असल्यामुळे त्यालाही तेवढेच धक्के बसतात. गुणोत्तर ढळत नाही.

हे सारे परदेशातच चालते असे नाही. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तेथील कौशिक बॅनर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एक पद्धत प्रसिद्ध केली; तीत द्राक्षातील बारा वाढनियंत्रके एकाच वेळी मोजता येतात. त्यांत ऑक्झिने, सायटोकायनिने, जी.ए.-३, अ‍ॅब्सिसिक आम्ल आहेत, तसे बाहेरून वापरले जाणारे फॉरक्लोरफेन्युरॉन, पॅक्लोब्युट्राझोल आणि २,४-डी देखील आहेत. त्यांनी नमुने घेतले ते फुटणाऱ्या डोळ्यांचे, आणि दोन-तीन व सहा-आठ मिलिमीटर आकाराच्या मण्यांचे. द्राक्ष बागाईतदाराला हे आकार सांगावे लागत नाहीत. घड बुडविण्याचा विचार होतो तो याच अवस्थांत. आम्लयुक्त मिथेनॉलने अर्क काढला, गाळणीतून स्वच्छ केला आणि यंत्रात सोडला. ग्रॅममागे एक ते दहा नॅनोग्रॅमपर्यंत मोजता आले. मुद्दाम मिसळलेल्या शंभर भागांपैकी नव्वद ते एकशेवीस भाग परत मिळाले. भार पळविला जाण्याचा प्रकार त्यांनाही ठळकपणे आढळला. त्यांनी तो द्राक्षाच्याच अर्कात प्रमाणित द्रावणे तयार करून दूर केला. बाराही पदार्थांची जड भावंडे विकत घेणे खर्चाचे असते. नेहमीच्या कामाला हा मार्ग योग्य आहे, परंतु एकाच संजीवकाचा सखोल अभ्यास करणाराने खर्च सोसावा असे माझे मत आहे.

या पद्धतीचा हेतू मला विशेष वाटतो. वेलीत स्वतःचे संजीवक किती आहे ते मोजावे आणि मग बाहेरून देण्याची गरज आहे काय व किती, ते ठरवावे. आजवर आपण उलट चालत आलो. शेजाऱ्याने तीन वेळा बुडविले म्हणून आपण चार वेळा. त्यामुळे खर्च वाढतो हे एक. शिवाय अति जी.ए.ने देठ जाड व ठिसूळ होतो, मणी गळतात आणि पुढच्या वर्षीच्या फळधारणेवरही परिणाम होतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यात एक सूक्ष्म अंकुर तयार होतो. तो घड होणार की बाळी, हे तेव्हा ठरत असते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात श्रीनिवासन आणि मलिन्स यांनी दाखविले की सायटोकायनिन त्याला घडाकडे नेते आणि जिबरेलिन बाळीकडे. 'घड जिरला' म्हणून आपण ऑक्टोबरमध्ये नशिबाला बोल लावतो. हिशेब मे-जूनमध्येच झालेला असतो.

येथूनच त्या प्रकरणाकडे येतो ज्याची किंमत महाराष्ट्राने मोजली. जिबरेलिनचा जोर कमी व्हावा, काडी लांबण्याऐवजी फलधारक व्हावी, म्हणून खरड छाटणीनंतर क्लोरमेक्वाट क्लोराइड फवारण्याची रीत होती. बागाईतदार त्यास 'लिहोसिन' म्हणून ओळखतात. ते वेलीत जिबरेलिन तयार होण्याच्या पहिल्या पायऱ्याच अडविते. काम चोख, परंतु ते लवकर मोडत नाही, वेलीच्या लाकडात राहते आणि पुढे फळात उतरू शकते. युरोपात नासपतीच्या झाडांवर हाच अनुभव आलेला होता.

२०१० च्या हंगामात आपली द्राक्षे युरोपात पोहोचली आणि तेथील तपासणीत क्लोरमेक्वाट सापडले. त्या वेळी युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती, म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. कंटेनर अडकले, माल पडून राहिला, भाव कोसळले. वास्तविक २००३ साली मेथोमिलच्या अवशेषांवरून एकदा फटका बसला होता. त्यानंतर निर्यातीच्या बागांची नोंदणी, नमुने व तपासणी यांची घडी बसविण्यात आली होती आणि २००६ पासून 'अपेडा'ची ग्रेपनेट व्यवस्था सुरू होती. तपासणी होऊन, दाखला घेऊनच माल गेला होता. मग चूक कोठे?

चूक यंत्राची नव्हती. ज्या रसायनांची तपासणी करावयाची त्या यादीत क्लोरमेक्वाटचे नाव नव्हते. तीन पायऱ्यांचे हे यंत्र, त्याला जी वजने सांगितली तीच पाहते. न सांगितलेले समोरून गेले तरी त्याला दिसत नाही. दुसरे कारण रसायनशास्त्राचे आहे. क्लोरमेक्वाट हा कायम धन भार असलेला क्षार, मिठासारखा पाण्यात राहणारा. बहुतेक कीटकनाशकांसाठी इथिल अ‍ॅसिटेटसारखे विद्रावक वापरून अर्क काढतात. त्यात हा उतरतच नाही. साखर तेलात ढवळावी तसे. त्याच्यासाठी मिथेनॉल व आम्ल घेऊन निराळा अर्क काढावा लागतो. एकदा तो काढला की मोजणे अवघड नाही. त्याचे वजन १२२, तुकडा ५८ चा, आणि क्लोरीनचे दोन समस्थानिक असल्यामुळे १२४ लाही एक-तृतीयांश उंचीची रेषा दिसते. जणू निसर्गाने स्वतःच साक्षीदार दिलेला आहे. त्या हंगामानंतर हे नाव तपासणीच्या यादीत आले आणि निर्यातीच्या बागांत ते वापरू नये, असे सांगितले जाऊ लागले.

ज्याने आदल्या उन्हाळ्यात, दुकानात उघड मिळणारे औषध, सर्वांप्रमाणे फवारले त्याचा यात दोष काय? मी तरी त्याला दोष देणार नाही. परंतु आता माहिती आहे. बाटलीवर 'टॉनिक', 'समुद्री शेवाळाचा अर्क' असे लिहिलेले असते आणि फवारल्यावर आठ दिवसांत मणी फुगलेला दिसतो, तेव्हा आत काय आहे हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. वाढनियंत्रके १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. जैविक उत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आणली गेली असून त्यांत कीटकनाशकाचा अंश ०.०१ पी.पी.एम.हून अधिक असता कामा नये असे बंधन आहे. त्या बाटलीतले थेंबभर द्रावणही वर सांगितलेल्या यंत्रापुढे गुपित राखू शकत नाही. बिल मागून घ्या आणि बाटलीचा तुटवडा पडला तरी लेबल जपून ठेवा.

आता नमुन्याविषयी, कारण प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी नमुना आपल्या हातून जातो. १९६९ साली राइट व हिरॉन यांनी गव्हाची पाने तोडून सुकू दिली तेव्हा त्यांत अ‍ॅब्सिसिक आम्ल कैक पटीने वाढलेले आढळले. पान तुटले तरी ते मेलेले नसते. ते घाबरते म्हणा हवे तर, आणि संजीवके बनवीत राहते. जखम झाली की जॅस्मोनिक आम्ल काही मिनिटांतच वाढते. म्हणून काटीच्या बागेतून तोडलेली पाने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिवसभराच्या प्रवासाने पुण्यास नेली, तर जो आकडा येईल तो प्रवासाचा असेल, वेलीचा नसेल. संजीवकांसाठी नमुना तोडल्याबरोबर द्रवरूप नायट्रोजनात बुडवावा लागतो, उणे १९६ अंशांवर, आणि अर्क निघेपर्यंत गोठलेलाच ठेवावा लागतो. अवशेषांच्या तपासणीला एवढे लागत नाही. ते बाहेरून आलेले असतात, पानाने बनविलेले नसतात. या दोन नमुन्यांत गल्लत करू नये.

नमुना एका वेलीचा घेऊन भागत नाही. बांधाच्या कडेची वेल, पाण्याच्या मुखाजवळची वेल, उताराची वेल यांत फरक असतो. निरनिराळ्या ओळींतून, घडाच्या वरून, मधून व खालून मणी घ्यावेत. सकाळी की दुपारी, छाटणीपासून कितव्या दिवशी, शेवटची फवारणी कशाची व केव्हा, हे चिठ्ठीवर लिहावे. आपल्या मुलामुलींपैकी जे रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करीत आहेत त्यांनी सुटीत स्वतःच्या बागेची अशी एक वही केली तरी ती पुढे प्रयोगशाळेत नोकरीस गेल्यावर उपयोगी पडेल. तेथे दिवसाचा निम्मा वेळ तोलण्यात, पिपेटने मापण्यात आणि नोंदी ठेवण्यातच जातो. यंत्र शेवटची दहा मिनिटे चालते.

शेवटी अहवाल वाचावयाचा कसा, ते सांगतो. मांजरीच्या पद्धतीत पुनःपुन्हा केलेल्या मोजणीतील फरक पंचवीस टक्क्यांच्या आत होता, आणि एवढ्या सूक्ष्म मात्रेला ते चांगलेच म्हणावयाचे. म्हणजे अहवालात आठ नॅनोग्रॅम लिहिले असेल तर ते सहा ते दहाच्या दरम्यान कोठेतरी समजावे. एका ओळीत आठ आणि दुसरीत नऊ आले म्हणून दुसऱ्या ओळीची जी.ए.ची मात्रा बदलू नये. आठ आणि ऐंशी आले तर मात्र बागेत जाऊन पाहावे. 'आढळले नाही' असे लिहिले असेल तर मोजण्याची किमान मर्यादा कोणती होती ते त्याच कागदावर शोधावे. नसेल तर प्रयोगशाळेस विचारावे. आणि कोणकोणत्या पदार्थांसाठी तपासणी झाली ती यादी मागून घेऊन, आपण वर्षभरात फवारलेल्या प्रत्येक औषधाचे नाव तीत आहे काय, ते एकेक करून ताडून पाहावे.